गल्लीतल्या पोरापोरींचं सलोख्याचं नाटक: पहिल्या बैठकीपासून पहिल्या प्रयोगापर्यंत

सलोख्यावर नाटक बसवायचं ठरवलेला माणूस पहिला प्रश्न ठरलेला विचारतो: "तुमच्याकडे एखादी तयार संहिता आहे का?" संहिता मिळते हो, पण तिने काम होत नाही. एकाच आळीतल्या, एकाच समाजाच्या आठ पोरांनी चौकात हातात हात घालून "आपण सारे एक" म्हटलं, की लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. ज्यांच्याशी एक व्हायचं ते त्या आठांत नाहीत, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. या कामातलं खरं शिक्षण आधी तालमीत होतं, चौकात नंतर. म्हणून खाली संहितेबद्दल कमी आणि गट, तालीम, परवानग्या व प्रेक्षकांशी होणाऱ्या बोलण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

हे लिहिताना डोळ्यासमोर आहेत महाराष्ट्रातलं एखादं तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं गाव, किंवा मोठ्या शहरातली वस्ती. पंधरा ते बावीस वयाची मुलंमुली. आणि त्यांच्या मागे उभे राहायला तयार असलेले तुम्ही. तुम्ही शिक्षक असाल, वाचनालय चालवत असाल किंवा नुसतेच हौशी असाल, तरी चालेल.

आपल्याकडे चौकात डफ घेऊन उभं राहणं नवं नाही. सत्यशोधकी जलसे, आंबेडकरी जलसे, अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक, राष्ट्र सेवा दलाचं कलापथक ही सगळी आपलीच घराणी. निळू फुले आणि राम नगरकर सेवा दलाच्या कलापथकातूनच पुढे आले. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर ठाण्याचा 'वंचितांचा रंगमंच' बघा. रत्नाकर मतकरींच्या कल्पनेतून तो उभा राहिला आणि वस्त्यांतली मुलं तिथे स्वतःच्या जगण्यावरच्या नाटिका स्वतः लिहून करतात. जमलं तर गटाला एकदा असा प्रयोग दाखवा. दहा भाषणांपेक्षा त्याचा उपयोग होतो.

१. आधी गट जमवा

बारा ते सोळा जण पुरेत. वीसच्या वर गेलात तर तालीम म्हणजे नुसता गोंगाट होतो, आणि दहाच्या खाली आलात तर परीक्षेच्या दिवसांत तालीमच होत नाही.

गट मिश्र हवा, ही यातली एकमेव न सोडायची अट. मिश्र म्हणजे नावापुरता एक नव्हे. एकच मुस्लिम मुलगा, एकच बौद्ध मुलगी किंवा एकच भटक्या समाजातला पोरगा असेल, तर त्याच्यावर आपल्या सगळ्या समाजाची वकिली करायची वेळ येते. प्रत्येक बाजूचे किमान तिघं-चौघं असू द्या, म्हणजे त्यांना आपापसात वेगळं मत मांडायचीही मुभा राहते. गावात मुख्य ताण हिंदू-मुस्लिम नसून दोन जातींतला असेल, किंवा स्थानिक आणि बाहेरून कामाला आलेले यांच्यातला असेल, तर मिश्रण त्या रेषेवर करा. ठरलेला साचा उचलून आणू नका.

मुलं शोधायला मराठी शाळा, उर्दू शाळा, कनिष्ठ महाविद्यालयाचं एनएसएस युनिट, क्रिकेटच्या टीमा, गणेश मंडळाचं ढोल पथक, शिवणक्लास, अभ्यासिका, सगळीकडे जा. "नाटकात काम कराल का?" असं विचारलं तर लाजाळू मुलं गळतात. "लिहायला, वाजवायला, मोबाईलवर शूटिंगला, सामान सांभाळायला पण माणसं हवी आहेत" असं सांगा. पुढे यांतलीच निम्मी उभी राहून बोलायला लागतात.

मुली टिकायच्या असतील तर तीन गोष्टी सांभाळा: तालीम दिवेलागणीच्या आत संपवा, मोठ्यांमध्ये एक बाई कायम हजर असू द्या, आणि घरच्यांना एकदा प्रत्यक्ष भेटून या. फोनवर मिळालेला होकार पहिल्या कुरबुरीला मागे घेतला जातो. घरी चहा घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं.

जागेचाही विचार करा. मंदिराचा सभामंडप किंवा मदरशाचा हॉल फुकट मिळत असला तरी घेऊ नका. निम्म्या मुलांचे पाय दाराशीच अडखळतात. शाळेचा वर्ग, सार्वजनिक वाचनालय किंवा नगरपरिषदेचं सभागृह बघा. काहीच नसेल तर कुणाची तरी मोठी गच्ची. समाजमंदिर घेताना ते वस्तीत कुणाचं समजलं जातं, हे आधी विचारून घ्या.

२. पालकांची कागदपत्रं आणि मुलांची सुरक्षा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण पहिल्याच आठवड्यात उरका. जवळ ठेवायचे कागद असे:

– अठरा वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकांचं सहीचं संमतीपत्र. त्यात नाटकाचा विषय सरळ लिहा. "सांस्कृतिक कार्यक्रम" असं गुळमुळीत लिहिलंत तर पुढे भांडण तुमच्याच दारात येतं.
– फोटो आणि व्हिडिओसाठी वेगळी संमती. नाटकाला हो म्हणणारे घर फेसबुकला नाही म्हणू शकतं.
– प्रत्येकाचा रक्तगट, आजार, औषधं आणि दोन फोन नंबर.
– मोठ्यांची नावं, पत्ते, ओळखपत्राच्या प्रती.
– तालमीची हजेरी वही. कोण किती वाजता आलं आणि कुणासोबत गेलं, हे रोज लिहा.

कोणत्याही मुलासोबत एकच मोठा माणूस बंद खोलीत बसणार नाही, हा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा. तालमीत मुलं मोकळी होतात आणि घरातलं बोलायला लागतात. एखाद्या अल्पवयीन मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "आपल्या गटातच ठेवू" असं आश्वासन देऊ नका. चाईल्डलाईनचा १०९८ नंबर तालमीच्या भिंतीवर लावून ठेवा.

३. तालमीचे पहिले आठवडे: नाटक नाही, खेळ

आठवड्यातून तीन दिवस, दीड-दोन तास, असं धरून चाला. पहिल्या काही आठवड्यांत विषयाचं नावही काढू नका. नावं पाठ होण्याचे खेळ, आरशाचा खेळ (एकाने हालचाल करायची, समोरच्याने तशीच्या तशी करायची), डोळे मिटून जोडीदाराच्या आवाजावर चालायचा खेळ. जोड्या तुम्ही लावा. मुलांवर सोडलंत तर ओळखीचे ओळखीच्यांनाच धरतात.

मग मूर्तींचा खेळ घ्या. एकाने शिल्पकार व्हायचं, बाकीच्यांनी माती. "अफवा", "भीती", "आपली गल्ली" असा एकेक शब्द द्या आणि न बोलता माणसांना उभं करायला सांगा. ज्यांना चांगलं बोलता येतं त्यांचंच इथे चालतं असं होत नाही. उर्दू माध्यमाची मुलगी आणि मराठी माध्यमाचा मुलगा सारखेच सुरू होतात.

माझा सगळ्यात आवडता खेळ नकाशाचा. जमिनीवर खडूने गावाचा नकाशा काढायला लावा: स्टँड, बाजारपेठ, शाळा, नदी, मशीद, देऊळ, विहार, दवाखाना. मग प्रत्येकाने रोज जिथे जातो तिथे एक खडा ठेवायचा, कधीच गेलो नाही तिथे फुली मारायची. आमच्या गटात बहुतेक फुल्या पाचेक मिनिटांच्या अंतरावरच्या गल्ल्यांवर पडल्या. त्यावर लगेच भाषण देऊ नका. कुणीतरी आपणहून विचारतं, "तू तिकडे का जात नाहीस?" तिथून पुढचं काम मुलं करतात.

गटात भांडणं होणारच, आणि व्हावीत. कुणी मस्करीत जातीवरून किंवा धर्मावरून टोमणा मारला तर तालीम थांबवा, पण टोमणा मारणाऱ्याला घालवू नका. दोघांना तोच प्रसंग भूमिका बदलून करायला सांगा. मोर्चे, दगडफेक, बहिष्कार यांबद्दल घरी ऐकलेलं मुलं इथे बोलून दाखवणार, त्यातलं बरंच तुम्हाला आवडणार नाही. या वाक्यांची वही ठेवा. पुढे संहितेत तुम्ही स्वतः लिहिलेल्या कुठल्याही संवादापेक्षा ती चांगली ठरतात.

बारीकसारीक गोष्टी: रमजानमध्ये तालमीची वेळ बदला आणि मधला चहा बंद करा. नवरात्राच्या आणि श्रावणी सोमवारच्या उपासांची आठवण ठेवा. शुक्रवारची दुपार मोकळी सोडा. खायला भेळ, केळी, शेंगदाणे, फुटाणे असं सगळ्यांना चालणारं आणा. समोशात काय आहे यावरून बिनसलेली तालीम परत रुळावर आणायला फार वेळ लागतो.

४. विषय आपल्याच गावातला निवडा, मोठा नको

"धर्मांधता", "जातीयवाद", "जागतिक शांतता" हे नाटकाचे विषय नव्हेत. नाटकाला माणूस लागतो आणि त्याची अडचण लागते. मुलांना दोन-दोनच्या मिश्र जोड्यांनी गावात पाठवा आणि तीनच प्रश्न विचारायला लावा: गल्लीत शेवटचं भांडण कशावरून झालं? ते कुणी मिटवलं? मिटलं नसेल तर का नाही? उत्तरांत नळाची पाळी, पार्किंग, डीजेचा आवाज, मिरवणुकीचा रस्ता, भाड्याने घर न देणं, मोबाईलवरचं स्टेटस असले विषय येतील. यांतलाच एक उचला.

तीन विषय बहुतेक ठिकाणी चालतात.

पहिला अफवा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मारणाऱ्यांना त्यांची नावंही माहीत नव्हती. ही घटना तशीच्या तशी रंगवू नका. ज्यांची माणसं गेली ते जिवंत आहेत. पण आठवडी बाजारात एक अनोळखी माणूस लहान मुलीशी बोलतो आणि पाच मिनिटांत त्याची बातमी कशी बनते, हे तुमच्या गावच्या बाजारात घडवून दाखवता येतं.

दुसरा स्टेटस. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून वातावरण पेटलं होतं. या विषयात मुलांना काही शिकवावं लागत नाही, ती तुम्हाला शिकवतात.

तिसरा मला जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात उत्तरही आपल्याच मातीतलं आहे. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आल्या. राज्यात ठिकठिकाणच्या मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं, आणि सरकारने २९ ची सुट्टी जाहीर केली. ही बातमी चार ओळींत संपते, पण तो निर्णय होण्याआधीची बैठक कशी झाली असेल? "दरवेळी आम्हीच का मागे सरायचं?" असं कुणीतरी विचारलंच असेल. नाटक त्या बैठकीत आहे. तशी बैठक तुमच्या गावात कल्पून मुलांना बसवायला सांगा.

एक मोह टाळा. सांगली-कोल्हापूरकडे गोटखिंडी, कुरुंदवाडसारख्या गावांत गणपती मशिदीत बसतो आणि मोहरमच्या पंजांना हिंदू घरांतूनही मान असतो. हे खरं आहे आणि सुंदर आहे. पण नुसतं तेवढंच दाखवलंत तर प्रेक्षक "आमच्याकडे पण असंच आहे हो" म्हणत खूश होतो आणि प्रश्न तिथेच संपतो. अशा परंपरेवर नाटक करायचंच असेल, तर ती मोडायची वेळ आली तो दिवस दाखवा.

५. संहिता उभी राहून करा, मग लिहा

आधी टेबलावर लिहून मग पाठ करायला देऊ नका. प्रसंग सांगा, दोघांना उभं करा, बोलू द्या, मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा. तीन-चार वेळा केल्यावर जे टिकतं ते एकाने कागदावर उतरवायचं. भाषा जशी बोलतात तशीच ठेवा. अर्धी मराठी अर्धी दखनी असो, खानदेशात अहिराणी असो. पुण्याच्या नाटकातली मराठी तोंडी घातली की मुलं एकदम शाळेच्या स्नेहसंमेलनात गेल्यासारखी उभी राहतात.

लांबी बारा ते पंधरा मिनिटं. उभा राहून बघणारा माणूस त्याहून जास्त थांबत नाही. पात्रं सहा-सात, मुख्य निर्णय एकाच पात्रापुढे.

उदाहरणादाखल एक आराखडा देतो. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात दोन दोस्त कामाला आहेत, वेगवेगळ्या समाजाचे. शेजारी झेरॉक्सच्या दुकानात बसणारी मुलगी एका दोस्ताचं स्टेटस बघते आणि "हे बघ, काय लावलंय" म्हणून मैत्रिणीला स्क्रीनशॉट पाठवते. मैत्रीण भावाला, भाऊ मंडळाच्या ग्रुपवर. संध्याकाळी दुकानासमोर चाळीस गाड्या. मालक शटर ओढतो आणि दोघांनाही कामावरून काढतो. नाटक इथे थांबतं. कुणी कुणाची गळाभेट घेत नाही. प्रश्न त्या मुलीपुढे आहे: सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती काय वेगळं करू शकली असती?

शेवट वाईट ठेवा. गोड शेवट केलात तर पुढचा भाग, म्हणजे या सगळ्या खटाटोपाचं कारण, करायला जागाच उरत नाही.

लिहिताना नेहमीचे खड्डे:

– टोपी-दाढी घातली की मुस्लिम, टिळा लावला की हिंदू, फाटके कपडे म्हणजे दलित. असले वेश करू नका. सगळ्यांना एकाच रंगाचे कुर्ते द्या, ओळख संवादातून येऊ द्या.
– भूमिका उलटसुलट वाटा. सोहेलचं काम सागरने करावं आणि सागरचं सोहेलने. घरच्यांचे डोळे विस्फारतात, मुलांचे उघडतात.
– एक बाजू पूर्ण दुष्ट नको. भडकवणाऱ्यालाही त्याचं कारण द्या: रिकामा वेळ, निवडणुकीच्या तिकिटाची आशा, जुना अपमान.
– खऱ्या माणसाचं, मंडळाचं, पक्षाचं नाव नको. देवदेवता, पैगंबर, महापुरुष यांची सोंगं किंवा त्यांच्यावर विनोद तर अजिबात नकोत. भारतीय न्याय संहितेत समाजा-समाजांत वैर वाढवण्यासाठी कलम १९६ आहे आणि धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्यासाठी २९९. तुमचा हेतू शुद्ध असला तरी कापलेला वीस सेकंदांचा व्हिडिओ तो सांगत नाही. म्हणून प्रत्येक वाक्य एकटं कापून ऐका आणि मगच ठेवा.

संहिता पक्की झाली की दोन्ही बाजूंच्या दोन-दोन जाणत्या माणसांना वाचून दाखवा. परवानगीसाठी नव्हे, कानासाठी.

६. दुसरा भाग: प्रेक्षकाला आत आणा

ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात फोरम थिएटर नावाची पद्धत घडवली. पश्चिम बंगालच्या खेड्यांत 'जन संस्कृती' ही संस्था १९८५ पासून काम करते आहे आणि तिने ही पद्धत तिथे रुजवली. करायचं ते असं: नाटक एकदा पूर्ण दाखवायचं. मग तेच पुन्हा सुरू करायचं. या वेळी प्रेक्षकांतल्या कुणालाही वाटलं की इथे या पात्राने वेगळं वागायला हवं होतं, तर त्याने "थांबा!" म्हणायचं, त्या पात्राच्या जागी येऊन उभं राहायचं आणि करून दाखवायचं. बाकीचे नट आपापल्या भूमिकेत राहून त्याला उत्तर देतात.

नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. अडचणीत सापडलेल्या पात्राचीच जागा घेता येते, भडकवणाऱ्याची नाही. "मी भडकवणारा होतो आणि एकदम सुधारतो" हे उत्तर खऱ्या गल्लीत मिळत नाही. चमत्कार चालत नाही: अचानक कलेक्टर येत नाही. आणि तोंडी सल्ला चालत नाही, करून दाखवावं लागतं. जागेवर बसून "तिने पोलिसांना सांगायला पाहिजे होतं" म्हणणाऱ्या काकांना आदराने आत बोलवा. फोन लावायला लागले की त्यांनाच कळतं, काय सांगायचं, कुणाचं नाव घ्यायचं आणि उद्या दुकान कसं उघडायचं.

हे सगळं सांभाळतो सूत्रधार. बोआल याला 'जोकर' म्हणत, आपल्याकडे सूत्रधारच बरा. त्याची निवड फार विचाराने करा. सगळ्यात हुशार आणि बोलका पोरगा सहसा या कामाला चुकीचा असतो, कारण तो उत्तरं देतो. सूत्रधाराने प्रश्न विचारायचे असतात: "हे आपल्या गल्लीत चालेल?" "आणखी कुणाला वेगळं वाटतं?" "ताई, तुम्ही मान हलवलीत, का?" कुठल्याही उपायाला "शाबास, हेच बरोबर" म्हणायचं नाही. मी तर मुलगा आणि मुलगी अशी जोडीच सूत्रधार म्हणून ठेवतो.

तालमीत याचा सराव कसा करायचा? गटातल्या निम्म्यांना अवघड प्रेक्षक करा. एक दारू प्यायलेला, एक नुसता हसणारा, एक "तुम्हाला पैसे कोण देतं?" विचारणारा, एक भाषण ठोकणारा. यांतले चारही जण पहिल्या प्रयोगाला खात्रीने भेटतात.

बायकांबद्दल एक सांगायलाच हवं. संध्याकाळच्या चौकात पुरुषांचा घेरा पडला की बाई आत येत नाही, कितीही बोलवा. त्यांच्यासाठी दुपारी तीनच्या सुमाराला चाळीच्या अंगणात किंवा अंगणवाडीत वेगळा प्रयोग लावा. आमच्याकडे सगळ्यात टोकदार आणि उपयोगी उत्तरं त्या दुपारच्या प्रयोगांत आली आहेत. पोराचा मोबाईल काढून घेणं, समोरच्या घरच्या आईला थेट जाऊन भेटणं, असली उत्तरं पुरुषांना सुचतच नाहीत.

७. परवानग्या

चौकातल्या प्रयोगासाठी:

– स्थानिक पोलीस ठाण्याच्या निरीक्षकांना अर्ज. त्यात तारीख, वेळ, जागा, किती जण, नाटकाचा विषय, जबाबदार व्यक्तीचं नाव आणि नंबर लिहा. संहितेची प्रत जोडा. निदान आठ-दहा दिवस आधी द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. "साहेबांना सांगितलंय, करा तुम्ही" ही परवानगी नव्हे. साहेबांची बदली होते.
– जागा ज्याची त्याची ना हरकत: नगरपरिषद, महापालिका, ग्रामपंचायत किंवा शाळेचे मुख्याध्यापक. रस्ता अडणार असेल तर वाहतूक शाखेला पत्र.
– ध्वनिक्षेपक लावणार असाल तर त्याची वेगळी परवानगी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा तो उघड्यावर लावता येत नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरपर्यंतचं शांतता क्षेत्रही बघून घ्या. खरं तर घेरा लहान ठेवा आणि पोरांचे आवाज तयार करा, भोंग्याची कटकटच नको.
– नाट्यगृहात प्रयोग करायचा तर संहितेला राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. स्पर्धांचे आयोजकही ते मागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून तारीख ठरवायच्या आधी अर्ज करा.

सणासुदीच्या आधी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि पाच किंवा त्याहून जास्त जणांच्या जमावावर बंदी येऊ शकते. प्रयोगाच्या आठवड्यात असा आदेश आहे का, हे ठाण्यात विचारून घ्या. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर मी सरळ पुढची तारीख धरतो.

गोपनीय शाखेचा एखादा हवालदार तालमीला येऊन बसेल. घाबरू नका, चहा द्या, संहिता दाखवा. सणांआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तिथे आपल्या गटाची ओळख करून द्यायची संधी मागा. दोन्ही बाजूंची वजनदार माणसं तिथे एकाच खोलीत सापडतात.

संस्था नोंदवायची घाई नको. सुरुवातीला वाचनालय, कॉलेजचं एनएसएस किंवा एखादी जुनी संस्था यांच्या लेटरहेडवर काम भागतं. पुढे नोंदणी करायची तर किमान सात सभासद आणि धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. परदेशी नागरिक किंवा संस्था देणगी देऊ लागली तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या परवानगीशिवाय घेऊ नका. आणि पक्षाकडून, इच्छुक नगरसेवकाकडून काहीही नको, टी-शर्टसुद्धा नकोत. एका फ्लेक्सवर एक फोटो आला की अर्धं गाव तुमच्या नाटकाकडे पाठ फिरवतं.

८. सामान

डफ किंवा हलगी, एक ढोलकी, घुंगरू, एका रंगाचे कुर्ते, चार ओढण्या (त्यांचं शटर होतं, रस्ता होतो, गर्दी होते), पाण्याचा जार, प्रथमोपचार पेटी, परवानग्यांच्या प्रतींची फाईल. संपलं. लाइट आणि नेपथ्यावर पैसे खर्च करणार असाल तर त्याऐवजी पोरांच्या प्रवासावर करा.

९. प्रयोगाचा दिवस

पहिला प्रयोग सगळ्यात तणावाच्या जागी लावू नका. आधी एखाद्या शाळेत, मग कलाकारांच्याच एका गल्लीत, मग समोरच्या गल्लीत, आणि मगच मधल्या चौकात. समोरच्या गल्लीत जाताना तिथली मुलं पुढे चालू द्या. यजमान तेच.

जागा आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बघा. अजान, आरती, शाळा सुटायची वेळ, पाण्याच्या टँकरची वेळ, सगळं टिपा. प्रयोगाच्या मध्ये अजान सुरू झाली तर सूत्रधाराने शांतपणे थांबावं, संपली की पुढे चालू करावं. समोरून मिरवणूक आली तरी तेच.

डफ वाजवत गल्लीतून फेरी काढली की पोरं जमतात, पोरांमागे मोठी माणसं. लहान मुलांना पुढे बसवा. प्रमुख पाहुण्यांचं भाषण नको. आग्रह झालाच तर नाटकानंतर दोन मिनिटं, आणि तेही त्यांनी आत येऊन एकदा भूमिका केल्यानंतर. ही अट घातली की बहुतेक जण आपणहून नकार देतात.

घेऱ्याच्या चार बाजूंना गटातली चार मोठी माणसं प्रेक्षकांत मिसळून उभी ठेवा. कुणी आवाज चढवला तर त्याला बाजूला घेऊन ऐकणं, एवढंच त्यांचं काम. वाद नाही, धक्काबुक्की नाही. गडबड वाढतेय असं वाटलं की सूत्रधार ठरलेला इशारा देतो (आमच्याकडे तीन वेळा हलगी), आणि सगळे ठरल्या जागी जमतात. कुठे जमायचं आणि कोण कुणाला घरी सोडणार, हे कागदावर लिहिलेलं असावं. १ जानेवारी १९८९ ला दिल्लीजवळ साहिबाबादला पथनाट्य चालू असताना पथनाट्यकार सफदर हाश्मींवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांचा जन्मदिवस, १२ एप्रिल, पथनाट्य दिन म्हणून पाळतात. तुमच्या गावात असं होईल असं मी म्हणत नाही, पण मुलांना उघड्यावर उभं करणाऱ्याने ही तयारी ठेवायलाच हवी.

१०. प्रयोगानंतर

त्याच संध्याकाळी, दमलेले असलात तरी, अर्धा तास गोल करून बसा. अभिनय कसा झाला यावर बोलू नका. कोणत्या प्रेक्षकाने काय करून दाखवलं ते सगळं वहीत लिहा: गाव, गल्ली, वय, उपाय. पाच-सहा प्रयोगांनंतर या वहीतून दिसतं की लोक कुठे अडतात. बहुतेकांना भडकवणाऱ्याशी कसं बोलायचं ते सुचतं, पण आपल्याच घरातल्या मोठ्याला कसं अडवायचं ते सुचत नाही. पुढचं नाटक तिथून निघतं. वहीतल्या गोष्टी शांतता समितीत आणि शाळांतही वाचून दाखवा, नावं वगळून.

व्हिडिओ टाकायचा असेल तर पूर्ण टाका, तुकडे नकोत, आणि प्रेक्षकांतल्या बायकांचे व मुलांचे चेहरे काढून.

गावात खरोखरच ताण असेल तेव्हा प्रयोग करू नका. जमाव जमवायची ती वेळ नव्हे. त्या दिवसांत गटाने एवढंच करायचं: एकमेकांना रोज फोन, आलेला मेसेज खरा की खोटा ते समोरच्या गल्लीतल्या आपल्या माणसाला विचारून बघणं, आणि गरज पडली तर ११२. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. ओळखी आधीपासून होत्या, नंबर आधीपासून होते. तुमच्या सोळा पोरांकडेही ते असतील.

नवा गट जूनमध्ये, कॉलेजं सुरू होताना जमवायला घ्या. गणपतीपर्यंत खेळ आणि विषय, दिवाळीपर्यंत संहिता, डिसेंबरात गल्ल्यांतले प्रयोग आणि मोठा प्रयोग ३० जानेवारीला, हुतात्मा दिनी. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, तेव्हा तालमी बंद ठेवा, पण महिन्यातून एकदा नुसतं भेळ खायला भेटा. जूनमध्ये त्यांतल्या दोघातिघांना पुढच्या गटाचे खेळ घ्यायला सांगा आणि तुम्ही मागे बसा.